संरक्षित कोणाला म्हणायचं

डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे म्हणून लिहायला बसले. इतकी वर्षं घोषणा दिल्या त्याचं हे बिल. गळ्याला गाठ नाही, सूज आहे, महिनाभर गप्प राहा म्हणाले. गप्प राहायची मला सवय नाही. पण थकवा गळ्याचाच आहे असं मला वाटत नाही. मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात, साहेब चहा पाजतो, फोटो होतो आणि सगळे घरी जातात. अशा वेळी मला गिरगावच्या फणसवाडीतली ती खोली आठवते. जगातला कुठला मुलूख 'संरक्षित' होता आणि कुठला सरळसरळ पायाखाली घातलेला, हे आम्ही तिघंजण तिथे बसून ठरवायचो. कोणी सांगितलं होतं आम्हाला? कोणीच नाही. तरी आम्ही ठरवायचो, आणि मन लावून ठरवायचो.

मी तेव्हा विशीत होते, परळच्या एका छोट्या संघटनेची पत्रकं लिहायचे. पत्रकाचं एक तंत्र असतं. वाक्य लहान, शत्रू मोठा, आणि शेवटी 'या'. मला ते जमायचं. सबनीस सरांनी कुठल्याशा सभेत माझ्या हातचं पत्रक वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि विचारलं, "हे तुझं? बरं लिहितेस. पण यात सगळेच चोर आहेत. चोराचेही प्रकार असतात, ते शिकायला येशील का?" सर रात्रशाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मराठी शाळांसाठी साम्राज्यांचा एक मोठा भिंतनकाशा करायचा त्यांनी ध्यास घेतला होता. कोण कोणाच्या ताब्यात होतं ते मुलांना एका नजरेत दिसलं पाहिजे. ताब्यातला मुलूख लाल, स्वतंत्र तो पांढरा, आणि संरक्षित त्यावर तिरप्या रेघा. या तिरप्या रेघांनी आमची दोन वर्षं खाल्ली.

कामाची पद्धत सरांची. प्रत्येक मुलखाचं एक कार्ड, जुन्या कॅलेंडरची पानं कापून पाठकोऱ्या बाजूने केलेलं. कार्ड टेबलावर ठेवलं की आधी सर्वांत धाकट्याने बोलायचं, म्हणजे मी. मग मीनल, दादरची, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेली. सर शेवटी. मोठ्यांनी आधी तोंड उघडलं की धाकट्यांना मत सुचत नाही, असं सर म्हणत. मतदान अजिबात नाही. तिघांच्या सह्या कार्डाच्या मागे झाल्या तरच तो रंग नकाशावर चढायचा. एकाने जरी सही रोखली तरी ते कार्ड सोनपापडीच्या रिकाम्या खोक्यात जायचं. त्या खोक्यावर सरांनी जाड पेनाने लिहिलं होतं, 'तूर्तास'. नाही म्हणजे नाही असं तिथे काहीच नव्हतं. जे होतं ते तूर्तास नाही.

पहिल्याच दिवशी ट्युनिसचं कार्ड निघालं. मी आदल्या दिवशी वाचून गेले होते. महालाभोवती फ्रेंच फौज उभी, आणि आत राजाच्या पुढ्यात करार. सही कर, आम्ही तुझं रक्षण करू. कोणापासून? मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "जो दार ठोठावतोय त्याच्यापासूनच. हे लाल आहे. यात रेघा कसल्या मारताय? गुलामी म्हणजे गुलामी."

मीनलने चष्मा पुसला. "प्राची, तुझ्या हिशेबाने सगळं जग लाल आहे. मग नकाशा कशाला? लाल जिलेटिन पेपरच टांगू ना भिंतीवर."

"टांगा."

"अगं, राजा गादीवर राहिला, कायदे त्याचे राहिले, परदेशांशी बोलणं तेवढं फ्रान्सकडे गेलं. हा फरक नाही?"

"तोंड बांधलं आणि हात मोकळे ठेवले, एवढाच फरक."

सर इतका वेळ पेन्सिलीला टोक करत होते. म्हणाले, "हे छान बोललीस. कार्डावर लिही. पण फरक आहे हे तूच आत्ता सांगितलंस. ज्याचे हातही बांधले त्याला कुठला रंग देशील? लाल रंगाला काही किंमत राहावी म्हणून रेघा काढायच्या." त्या दिवशी मी सही केली नाही. दोन आठवड्यांनी केली. हरले म्हणून नाही, सरांचं म्हणणं पटलं होतं म्हणून. पत्रकात असं पटण्याला जागा नसते.

त्या दिवसांत मी गिरगावातून लालबागला यायचे तेव्हा डोकं करारांनी भरलेलं असायचं, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं की मिरचीने. आमची चाळ मसाल्याच्या गल्लीला लागून. उन्हाळा आला की कांडपाची यंत्रं सकाळपासून धाड धाड सुरू, आणि त्या तालावर सगळी चाळ शिंकायची. पाहुणा जिना चढताना शिंकला की वर कळायचं कोणीतरी बाहेरचं आलं. आम्हाला शिंका येत नसत. आत्या म्हणायची, नाकाने हार मानली की माणूस लालबागचा झाला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, सुमन. सावंतवाडीच्या बाजूला दिली होती. नवऱ्याने दुसरा संसार थाटला तशी ती एक ट्रंक आणि एक आडाळो, म्हणजे नारळ खवायची विळी, घेऊन बापाच्या खोलीत परत आली. ही माझ्या जन्माआधीची गोष्ट. आजोबा गिरणीत साचेवाले होते. ते गेले, आजी गेली. खोलीत उरले बाबा, आई, मी आणि आत्या. स्वयंपाकघर तिचं. म्हणजे अक्षरशः तिचं. मधल्या उंबऱ्याला पितळेची पट्टी होती, आणि त्या पट्टीपलीकडे चप्पल घालून कोणी गेलं तर त्याला त्या दिवशी सोलकढी मिळत नसे. आई दवाखान्यात काउंटरवर बसायची, चार लोकांना दटावायची, पण घरी मालवणी मसाल्याची बरणी उघडायच्या आधी विचारायची, "वन्सं, घेऊ का?" बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर लोकांच्या इमारती वरखाली करून आले की उंबऱ्याशी उभे राहून हात पुढे करायचे आणि आत्या हातावर गरम तांदळाची भाकरी ठेवायची. बांगडा तळला की त्याचं डोकं बाबांचं, ठरलेलं.

पण पट्टीच्या अलीकडे आत्या कोणीच नव्हती. तिचं पासबुक बाबांच्या कपाटात. तिचं औषध बाबा ठरवायचे. दारावर कोणी आलं आणि आत वाकून बघत "या कोण?" म्हटलं की बाबा तिच्या आधी उत्तर द्यायचे, "ती आमच्याकडे असते." वर्षानुवर्षं मी हे वाक्य ऐकलं आणि मला त्यात कधी काही खटकलं नाही. उलट बाबा चांगलेच होते. चाळीत अशा परत आलेल्या बायांची काय गत होते ते मी पाहिलं होतं.

बाबांना दोन गोष्टींचा अभिमान. एक, आजवर त्यांच्या हातची लिफ्ट मध्येच अडकली नाही. दुसरी, आपण संस्थानची माणसं. नकाशाचं काम मी घरी सांगितलं तेव्हा भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून ते म्हणाले, "आपल्याक इंग्रजान जिंकूक नाय. आपलां संस्थान होतां. राजा होतो, दरबार होतो. तां लाल करू नको हां."

"लाल नाही बाबा, रेघा. संरक्षित."

"तां चलात," म्हणाले. जणू मी त्यांना जमीन मिळवून देणार होते.

जेवताना मी रोज त्या खोलीतल्या गोष्टी सांगायचे. सोनपापडीचं खोकं आत्याला फार आवडलं होतं. झांझिबारचं काय झालं, टोंगाचं काय झालं असं नाव चुकवत चुकवत ती विचारायची, आणि कोणाचं कार्ड खोक्यात गेलं की समाधानाने मान हलवायची. "बरां झालां. घाईत कित्याक सही करूची?"

सावंतवाडीचं कार्ड मीच लिहिलं होतं. त्याला मी मुद्दाम मागे मागे ढकलत होते. कारण मधल्या काळात मीनलने कसोट्या पक्क्या करून भिंतीवर चिकटवल्या होत्या, आणि त्या आम्ही तिघांनी मान्य केल्या होत्या. करार राज्याने स्वतः केलेला हवा. आतला कारभार त्याचा त्याच्याकडे हवा. आणि बाहेरच्या जगाने ते वेगळं राज्य आहे असं ओळखलेलं हवं, मग भले त्याच्या वतीने बोलणारा दुसराच असो. या शेवटच्या कसोटीवर आपली संस्थानं सगळी गळून पडतात. कंपनीशी करार झाला, संरक्षण आलं, पुढे बंडं झाली म्हणून सावंतवाडीचा कारभारही काढून घेतला, मग खूप काळाने परत दिला. हे सगळं खरं. पण इंग्रजांच्या पलीकडे कोणाच्या लेखी ते राज्य नव्हतंच. संस्थानं म्हणजे इंग्रजांच्या घरातली माणसं. बाहेरचं कोणी विचारलं की इंग्रज सांगणार, ती आमच्याकडे असतात.

हे वाक्य मी तेव्हा सरांच्या खोलीत जसंच्या तसं बोलले आणि थबकले. मीनल हसली, सरांनी वर पाहिलं.

आणि त्याच सुमाराला चाळीच्या पुनर्विकासाचं वारं आलं. भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर. घरमालकाच्या मेहताने, म्हणजे भाडं गोळा करणाऱ्या कारकुनाने, सांगितलं, पावती एका नावावर करून घ्या, पुढची कामं सोपी जातील. एका नावावर म्हणजे मुलाच्या. मुलीने हक्कसोड लिहून द्यायचं. आमच्या चाळीत तो एक रिवाजच होऊन बसला होता. खालच्या मजल्यावरच्या तिघी बहिणी सुरतेहून, पनवेलहून आल्या, भावाला सह्या दिल्या, जेवल्या, आणि साडी घेऊन गेल्या. सहीची साडी. लोक तिला असं म्हणत नसत, पण हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन भावजय जरा बऱ्यापैकी साडी घेऊन आली की चाळीला कळायचं कोणाच्या घरी सही आहे.

त्या रविवारी आई आणि बाबा दोघं मिळून हिंदमाताला गेले. दोघं मिळून जातात म्हणजे काहीतरी गंभीर. आल्यावर बाबांनी पिशवी कॉटवर ठेवली. आत्या पट्टीपलीकडे खाली बसून नारळ खवत होती. बाबांनी साडी बाहेर काढली, गर्द जांभळी, काठ मोरपंखी. आत्याने हात पुसून पदर बोटांत धरून पाहिला. "रंग बरो हा," म्हणाली. आईचा चेहरा सुटला. मग बाबांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला.

"आणि ही एक सही. मेहताक देवची हा. पावतीचा काम."

आत्याने कागद घेतला नाही. परत नारळ हातात घेतला. "वाच गो," मला म्हणाली.

मी वाचला. 'मी खाली सही करणार सुमन, स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय', अशी सुरुवात. स्वखुशीने हा शब्द मी त्या वर्षी इतक्या करारांत वाचला होता की मला तो दिसला की आजूबाजूला फौज शोधायची सवय लागली होती. पुढे ती काय काय सोडते ते सगळं होतं. हक्क, हिस्सा, हितसंबंध, आजचे, पुढचे, तिचे, तिच्या वारसांचे. कागद संपला.

आत्या खवता खवता म्हणाली, "मी काय देतंय तां कळलां. आणि तू काय देतलंस, तां खंय लिवलां हा?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. "मी? मी काय देतलंय? तुका मी बघतंयच ना. बघतलंय."

"तांच इचारतंय. तां खंय लिवलां हा?"

"तां लिवाचां कित्याक? सख्खी भैन मगे तू."

"म्हणान इचारतंय. परको असतो तर इचारूक नसतंय."

कांडपाची यंत्रं रविवारी बंद असतात. खोलीत फक्त आडाळ्यावर नारळ फिरल्याचा आवाज. बाबा कॉटवर बसले. ते चिडले नव्हते, चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर शिडीवर उभं राहिल्याचा शीण होता. म्हणाले, "अख्ख्या चाळीत एका भैनीन असां इचारूक नाय. गावात कळला तर काय म्हणतले? भैनीन सही अडवली. मी तुका कधी काय कमी केलंय? तुका कोण भायर काढता हा?"

"आज कोण नाय," आत्या म्हणाली. "तू गेलंस मगे?"

मी मध्ये पडले. पडणारच. माझ्या तोंडात पत्रक तयार होतं. मी म्हटलं, "बाबा, असले करार मी रोज वाचते. देणाऱ्याची यादी पानभर आणि घेणाऱ्याचं एक वाक्य. इथे तर ते एक वाक्यही नाही. याला संरक्षण म्हणत नाहीत, याला..."

"तू गप," आत्या म्हणाली. "माझ्या भावाक तू चोर म्हणतलंस तर ही साडी त्याका परत दी आणि तूही जा. वाचूक सांगितलंय, वाचलंस. पुरे."

आई पहिल्यांदा बोलली. हळूच, बाबांकडे न बघता. "लिहायला काय जातं, त्या म्हणतायत ते. एक ओळ तर आहे."

बाबांनी सांगितलं, मेहता म्हणतो हक्कसोडाच्या कागदावर अटी चालत नाहीत. सोडलं म्हणजे सोडलं. आणि अट लिहायची तर पावतीवर दोघांची नावं लावा. मग जे काय मिळेल ते दोघांचं. एवढं बोलून ते थांबले, कारण बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं की वाट होती आणि मेहताने दाखवलीही होती, ती त्यांनी घरी आणली नव्हती.

आत्याने खवलेलं खोबरं ताटलीत गोळा केलं. आडाळो भिंतीला उभा केला. मग मला म्हणाली, "तुझ्या मास्तरांच्या खोक्यार काय लिवलां हा तां?"

"तूर्तास."

"हां. तां. तूर्तास र्‍हवांदे." आणि साडीची घडी घालून ती आपल्या ट्रंकेत ठेवून दिली. परत केली नाही हे मला त्या वेळी चुकीचं वाटलं. बाणेदारपणा म्हणजे वस्तू परत करणं, असं पत्रकांनी शिकवलेलं. आज वाटतं, भावाने बायकोला घेऊन जाऊन, दुकानात बसून, रंग निवडून आणलेली साडी. ती का परत करायची?

त्यानंतरचे आठवडे जड गेले. भांडण नाही, आवाज नाही. बाबा उंबऱ्याशी हात पुढे करायचे, आत्या भाकरी ठेवायची. बांगड्याचं डोकं बाबांच्याच ताटात. पण बोलणं माझ्या आणि आईच्या मार्फत. "तिला सांग गोळी घे." "त्याका सांग, घेतलंय." दोन सरकारांमधला वकील व्हायचं काय असतं ते मी तेव्हा शिकले. फार कंटाळवाणं काम आहे.

शाळांनी नकाशा मागायला सुरुवात केली होती, आणि सरांनी एका संध्याकाळी उरलेली कार्डं टेबलावर मांडली. म्हणाले, "आता संपवू या. माझे डोळे गेले, मीनलची परीक्षा आली, प्राची दमलेली दिसते." वरच सावंतवाडीचं कार्ड. त्याच्याखाली बाकी संस्थानांची. मीनलने कसोट्यांकडे बोट दाखवलं. "तिसरीवर पडतात. रेघा नाहीत. इंग्रजांच्या लालमध्येच जातील. बोल, धाकटी."

मी म्हटलं, "बाहेरच्यांनी ओळखलं नाही, यात त्या राज्याचा काय दोष? बाहेर बोलूच दिलं नाही तर ओळखणार कोण? ज्याने दार लावून घेतलं तोच म्हणणार, हिला कोणी ओळखत नाही."

"मान्य," मीनल म्हणाली. "पण कसोटी तूही मान्य केलीस. ती बदलली तर अर्धी कार्डं परत काढावी लागतील."

"मग काढा."

"वेडी आहेस का?"

सर पेन्सिल फिरवत राहिले. "पहिल्या दिवशी तू म्हणालीस सगळं लाल करा. आज रेघा मागतेस. तुझं नेमकं काय म्हणणं आहे?"

मला नेमकं सांगता येईना. पत्रकात ही अडचण येत नाही. शेवटी म्हटलं, "रेघा मागत नाही सर. लाल तर आहेच, ते मला तुमच्याआधी माहीत होतं. पण तिच्या वतीने दुसऱ्याने सांगितलं म्हणून मी तिचा रंग ठरवणार नाही. मी सही करत नाही."

"तिच्या?" मीनलने विचारलं.

मी पेनाला टोपण लावलं. सरांनी कार्डांची ती सगळी थप्पी उचलली आणि स्वतःच्या हाताने खोक्यात ठेवली. झाकण बसत नव्हतं. त्यांनी त्यावर शब्दकोश ठेवला.

नकाशा निघाला. चांगला निघाला, अजूनही काही शाळांच्या भिंतींवर आहे. हिंदुस्थानातली संस्थानं त्यावर करडी आहेत, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे की यांच्याविषयी संपादकांत मतभेद आहेत. एक प्रत मी घरी आणली. बाबांनी चष्मा लावून कोकणावर बोट ठेवलं. "हय तर राख टाकल्यासारी दिसता."

"मतभेद आहेत बाबा."

"मतभेद खंय नसतत," म्हणाले, आणि नकाशाची गुंडाळी करून कपाटावर ठेवून दिली.

सर आता नाहीत. मीनल कोर्टात असते, करारच वाचते, फक्त पैसे घेऊन. सोनपापडीचं खोकं माझ्याकडे आहे. चाळ अजून उभी आहे, वरून पत्रा, खालून टेकू. टॉवर कधी होईल ते मेहतालाही माहीत नाही. ज्यासाठी बाबा आणि आत्या कित्येक आठवडे एकमेकांशी बोलले नाहीत ते घर अजून बांधायचं आहे.

पण सर्व्हे झाला. नकाशा आल्यानंतर लगेचच. एक पोरगेला माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. खोलीखोलीत कोण राहतं ते लिहून घेत फिरत होता. सकाळीच शेजारून कळलं होतं तो येणार म्हणून. आई, बाबा आणि मी बाहेरच्या खोलीत होतो. आत्या आत. जिना चढताना तो शिंकला आणि मग दारात येऊन उभा राहिला.

"शांताराम परब?"

"माझे वडील. ते वारले. मी मुलगा." बाबांनी आपलं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, माझं सांगितलं. तो टपटप लिहीत गेला. आणि तेवढ्यात आत्या आतून येऊन उंबऱ्यावर उभी राहिली. जांभळी साडी नेसली होती. मोरपंखी काठ. घडीच्या रेघा अजून साडीवर तशाच. अंबाड्यात अबोलीचा छोटा गजरा. घरात कोणाचं लग्न नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. आई बघतच राहिली. बाबांनी साडी ओळखली. त्यांचा चेहरा मला दिसत होता, आणि मला त्या क्षणी खरंच कळत नव्हतं की आता काय होईल.

त्या माणसाने टॅबमधून मान वर केली. "आणि या कोण?" त्याने बाबांना विचारलं. बाबांनाच. उंबऱ्यावर आत्या समोर उभी होती तरी.

"ती आमच्याकडे..." बाबांच्या तोंडातून नेहमीचं वाक्य निघालं. निघालं आणि अर्ध्यावर राहिलं. त्यांनी आत्याकडे पाहिलं. तिने काही खूण केली नाही, डोळे वटारले नाहीत. नुसती उभी होती, एक पाय पितळेच्या पट्टीवर. गल्लीत कांडप चालू होतं. तो माणूस बोट टॅबवर धरून थांबला होता, त्याला अजून पुष्कळ खोल्या करायच्या होत्या.

"तिलाच विचारा," बाबा म्हणाले, आणि खिडकीकडे जाऊन उभे राहिले.

माणूस जरा गोंधळला. दोन पावलं आत आला, पट्टीपर्यंत. "काय नाव, आजी?"

"सुमन शांताराम परब," आत्याने सांगितलं. सासरचं नाव नाही, बापाचं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, त्याला लिहायला सोपं जावं म्हणून. त्याने लिहिलं की नाही ते वाकून पाहिलं. मग म्हणाली, "आता ती चप्पल भायर काढ, आणि बस. कढी देतंय."